नवव्या विहिरीतला हुंकार

३ मार्च १९९६, धुळे

त्या दिवशी पाण्याचा दुसरा हंडा उतरवला तेव्हा कुठे फटफटलं होतं. कपाशीच्या पऱ्हाट्यांची जुडी मोडून चूल पेटवली, कळण्याचं, ज्वारी-उडदाचं, पीठ मळलं. हात पिठाने भरलेले, तर हे न सांगता उठले, तांब्या घेतला आणि माझ्या हातांवर पाणी ओतलं. मग दारात उभं राहून सदरा झटकला. रात्रपाळी करून आले की सरकी काढायच्या जिनातला कापूस त्यांच्या भुवयांतसुद्धा बसलेला असायचा. तो उन्हात तरंगत राहिला. तीन भाकरी टाकल्या, दोन त्यांच्या, एक माझी. शेजारच्या बेबाबाई कोंबडी शोधत आल्या, ह्यांना दारात बघून डोक्यावरून पदर ओढून मागे फिरल्या. ह्यांना त्या जेठ, म्हणजे मोठा दीर, मानायच्या. मग मी ओटा सारवला. एवढंच. काही विशेष घडलं नाही त्या दिवशी. कोणत्या वर्षातली सकाळ तेही सांगता येणार नाही.

पण आज बोदवडहून जळगावपर्यंत रेल्वेत आणि पुढे एस.टी.त सगळा वेळ तीच सकाळ डोळ्यांपुढे होती. म्हणून या वहीत पहिल्यांदा तीच लिहिली.

धुळे आवडलं. रस्ते सरळ आहेत, गल्ल्यांना नंबर आहेत, हरवायची भीती नाही. पाचकंदीलजवळ कापडाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर गिरधर सरांचा कॉम्प्युटरचा क्लास आहे. सरांच्या आईचं माहेर बोदवड, त्यांनीच मला इथे लावून दिलं. झाडलोट, पाणी भरणं, आणि मुलांच्या चपला दाराबाहेर ओळीत लावणं. आत चप्पल चालत नाही. यंत्रांना धूळ सोसत नाही, म्हणून त्यांना रात्री मखमलीचे झगे घालतात. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारची खोली मला दिली आहे. खिडकीतून वारा येतो. हे गेल्यावर दोन वर्षांनी आज पोटभर जेवले.

७ मार्च

इथे शिकवायला लताबाई आहेत. वय पंचवीस असेल, बोलणं धुळ्याचं. मला अक्का म्हणतात. ही वही त्यांनीच दिली. मी वाचते हे कळल्यावर त्यांना नवल वाटलं. मी शाळेत गेलेली नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद सुटे करून करून अक्षरं जुळवली. ह्यांना तेवढंही येत नव्हतं. अंगठा करायचे. पण एकदा जिनात रद्दीचा गठ्ठा आला, त्यातून एक पुस्तक कमरेला खोचून घेऊन आले. नऊ विहिरींच्या नगरीची गोष्ट. वर पुठ्ठा नाही, शेवटची पानं नाहीत. एक राजपुत्र बहिणीला शोधत एकेका विहिरीत उतरतो. नववीत उडी घेतो, पाणी डोक्यावर मिटतं आणि वाक्य अर्ध्यावर असताना पान संपतं.

ते पुस्तक मी अकरा वर्षं वाचून दाखवलं. दिवसा गोष्ट सांगितली तर वाटसरू वाट चुकतो असं आमच्याकडे म्हणतात. पण ह्यांना रात्रपाळी, तेव्हा आमची दुपारच. हे दाराकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून बसायचे आणि प्रत्येक वाक्याला हं म्हणायचे. आमच्याकडे ऐकणाऱ्याने हुंकार दिल्याशिवाय सांगणारा पुढे जात नाही. मी थांबले की म्हणायचे, मंग? आणि शेवटचं अर्धं वाक्य वाचून झालं की स्वतःच गोष्ट पुरी करायचे. दोनच शब्द. आला वर. आणि लगेच, चाल, भाकर टाक.

कसा वर आला, कोणी काढला, काही नाही. आला वर.

लताबाईंना हे सोडून बाकी सगळं सांगितलं. ते दोन शब्द आमचे आहेत.

१९ मार्च

सरांनी पुस्तक मागितलं तेव्हा मी ते पदराखाली घेतलं, पण त्यांना ते न्यायचं नव्हतं. त्यांना त्या गोष्टीचा खेळ करायचा आहे. यंत्रात मराठी अक्षरं दाखवणारं कार्ड बसवलंय. गोष्ट पडद्यावर येणार आणि मुलांनी राजपुत्राला चालवायचं. जळगावला सरांचे आतेभाऊ रतिलाल यांचा असाच क्लास आहे. फोनच्या तारेतून तिथली मुलंही त्याच नगरीत उतरणार.

रोज दुपारी मी वाचते आणि लताबाई टाइप करतात. पहिल्या दिवशी मी एक वाक्य वाचून गप्प बसले. त्यांनी विचारलं, काय व्हयनं अक्का? मी म्हटलं, हं म्हणा. तेव्हापासून त्या मान डोलावून हं हं करतात, कधी नाकातून, कधी म्हशीसारखं. फार हसलो. ह्यांच्यानंतर पहिल्यांदाच कोणी हुंकार दिला.

त्यांनी खेळातही ते घातलं. एक परिच्छेद आला की मोठी कळ दाबायची, मगच पुढचा येतो. त्या कळीवर त्यांनी हं अशी चिठ्ठी चिकटवली. दुसरा कोणी खेळणारा त्याच जागी असेल आणि त्याने कळ दाबली, तर आपल्या पडद्यावर खाली हं उमटतं. म्हणजे कळतं, कोणी सोबत आहे.

१ एप्रिल

दुपारी एक ते दोन क्लास बंद असतो. सर म्हणाले, अक्का, पुस्तक तुमचं, आधी तुम्ही खेळा. अक्षरांच्या चिठ्ठ्या बघून मी एका बोटाने टाइप करते.

पुस्तकातला राजपुत्र वडाशी आला की उजवीकडे वळतो. तिकडे चेटकीण बसलेली आहे. अकरा वर्षं मी वाचताना मनात म्हणत होते, बाबा, डावीकडे जा. तो कधी गेला नाही. आज तोच वड पडद्यावर आला आणि खाली विचारलं, कुठे जातोस? मी डावीकडे असं टाइप केलं आणि तो गेला. आधी हसू आलं, मग डोळे भरले. म्हणजे एवढी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं म्हणून तो मरायला जात होता.

पण एक गोष्ट रुचली नाही. पुस्तक मिटलं की राजपुत्र जिथल्या तिथे थांबतो. भाकरी करा, धुणं धुवा, परत या, त्याचा उचललेला पाय तसाच असतो. खेळ थांबत नाही. सकाळी आले तर जळगावच्या मुलांनी तिसऱ्या विहिरीचा दोर कापून ठेवला होता. मी नसताना गोष्ट चालली होती. आपल्या घरात आपल्या मागे कोणी वावरून गेल्यासारखं वाटलं.

९ एप्रिल

वडाच्या डावीकडे काय आहे ते पुस्तकात नाही. सरांनी त्यावर युक्ती काढली आहे. जिथे पुस्तकात काही नाही तिथे यंत्र विचारतं, इथे काय आहे ते सांग. खेळणाऱ्याने लिहायचं. ते तिथे कायम राहतं आणि मागून येणाऱ्याला दिसतं. मुलांनी राक्षस लिहिले, बॉम्ब लिहिले, एकाने शेवभाजीची गाडी लिहिली.

मला राक्षस सुचेना. मी आमची ती सकाळ लिहिली. हंडा, चूल, कळण्याचं पीठ, हातांवर ओतलेलं पाणी, भुवयांतला कापूस. तासभर लागला. प्रत्येक वाक्यानंतर खाली हं उमटत होतं. जळगावला कोणी मूल माझ्यासारखंच जेवणाच्या सुटीत बसलं असणार. बरं वाटलं. वाक्य पुरं व्हायच्या आत एकदाही हं आलं नाही. शहाणं लेकरू आहे.

२१ एप्रिल

काल आखाजी, अक्षय्यतृतीया. सुना-लेकी माहेरी आल्या आहेत, गल्लोगल्ली झोके बांधलेत. ह्यांच्या नावाची पितरांची घागर मी यंदा इथेच भरली, गच्चीवर, टाकीशेजारी. वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. बोदवडला जायला हवं होतं. पण क्लासला सुटीचे दिवस म्हणजे गर्दी, सरांना नाही म्हणवलं नाही.

आज दुपारी खेळायला बसले. चौथ्या विहिरीशी जरा थांबले, पदराने घाम पुसला. खाली उमटलं —

मंग?

मी कळीला हात लावला नव्हता. कळीने नुसतं हं उमटतं. मंग उमटवायला अक्षरं टाइप करावी लागतात. लताबाई जेवायला घरी गेल्या होत्या. त्यांना मी मंग बद्दल सांगितलं होतं का ते आठवून पाहिलं. सांगितलं असेल. त्यांनीच जळगावकरांना सांगून गंमत केली असेल.

पण मला घाम पुसायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यानेच हेही मंग म्हणायचे.

२४ एप्रिल

लताबाईंनी देवाची शपथ घेतली. त्यांनी नाही. मी सरांना म्हटलं, जळगावला दुपारी कोण बसतं ते विचारा. सर हसले. म्हणाले, अक्का, रस्त्याच्या खोदकामात तिकडची फोनची तार तुटली, सहा तारखेपासून जळगाव बंदच आहे. रतिलालभाऊंचं पत्र आलंय ना.

मी सकाळ लिहिली ती नऊ तारखेला.

मग हं कोण म्हणत होतं असं मी विचारलं. सरांनी तारा हलवून पाहिल्या, यंत्राचं काही चुकतंय म्हणाले. मी मान हलवली.

खोलीत येऊन बसले. भीती वाटायला हवी होती. खरं लिहायचं तर मला आनंद झाला. दोन वर्षं ह्यांना शोधायला कुठली विहीर तेच कळत नव्हतं.

२६ एप्रिल

आज लताबाई पीठ मळून आल्या होत्या. नखांत पीठ राहिलेलं. मला म्हणाल्या, आमचे हे काही तुमच्या ह्यांच्यासारखे तांब्या घेऊन उठत नाहीत हो. मी विचारलं, कसला तांब्या? त्या म्हणाल्या, तुम्हीच नाही का सांगितलं, हातावर पाणी ओतायचे.

मला आठवेना. अजूनही आठवत नाही.

वहीचं पहिलं पान काढलं. अक्षर माझंच आहे. हंडा, चूल, कोंबडी, भुवयांतला कापूस. दुसऱ्या कोणा बाईची हकीकत वाचावी तसं वाचलं. कापूस कसा तरंगतो ते मला माहीत आहे. ह्यांच्या भुवयांवरचा दिसत नाही.

पुस्तकातून वाचलेलं कधी कमी झालं नाही. अकरा वर्षं वाचलं तरी पानावर तेवढंच राहिलं. खेळात सांगितलेलं तिकडे जातं. इकडे राहत नाही.

दुपारी वडाच्या डावीकडे जाऊन पाहिलं. मी लिहिलेली सकाळ तिथे होती. खाली एक ओळ जास्त होती. ती मी लिहिलेली नाही.

दारात एक माणूस पाठमोरा बसला आहे.

२९ एप्रिल

जायचं नाही असं सकाळी ठरवलं. एक वाजला आणि गेले.

मला वाटलं, जितकं सांगेन तितका तो पुरा होईल. आधी नुसता हुंकार होता, मग मंग आलं, मग पाठ आली. आणखी थोडं दिलं तर तोंड फिरवील. माझ्याकडे आठवण राहिली काय, गेली काय. माणूसच आला तर आठवण कशाला लागते.

चाल दिली. डावा पाय जरा घासत चालायचे असं जायच्या आधी वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं होतं, ते बघून इथे लिहिते. आवाजही दिला. कसा होता तो, कशासारखा, सगळं टाइप केलं. आवाजाचं आधी टिपून ठेवायचं राहिलं.

मग जे कोणाला सांगितलं नाही ते सांगायला बसले. शेवटच्या दुपारी हे खाटेवर पडून होते. जिनातल्या धुळीने छाती भरलेली. वाच म्हणाले. मी वाचत होते, आणि हुंकार कधी थांबला ते मला कळलं नाही. दोन पानं पुढे गेल्यावर मान वर केली. ती दोन पानं मी कोणाला वाचून दाखवली, हाच काटा दोन वर्षं मनात आहे. हुंकार नसताना सांगणाऱ्याने थांबायचं असतं. मी थांबले नाही.

हे लिहिलं. मी कळ दाबायच्या आत खाली उमटलं —

ती दोन पानं मी ऐकली.

१ मे

सुटी. क्लास बंद. खोलीत बसून एकच विचार करते आहे.

ती पानं ऐकणारे हे असतील. जीव गेल्यावरही ऐकत राहिले असतील. किंवा हे गेले आणि त्यांच्या रिकाम्या जागी दुसरं कोणी येऊन ऐकत बसलं. गोष्ट चालू होती, जागा मोकळी होती. बोलावलं मीच.

कोणतं खरं, ते ओळखायला माझ्याजवळ एकच खूण उरली आहे. ते दोन शब्द. मी ते सरांना, लताबाईंना, यंत्राला कधीच सांगितले नाहीत. नववी विहीर आली आणि त्याने आपणहून ते म्हटले, तर हे. नाही म्हटले, तर हे नाहीत.

ह्यांचं तोंड आठवायचा प्रयत्न केला. नाक आठवतं.

२ मे

नवव्या विहिरीपर्यंत गेले. वाटेत कोणी अडवलं नाही. दोर आपोआप खाली सुटत होते.

पाणी डोक्यावर मिटलं. सरांनी तिथे लिहिलं आहे, पुढे पानं नाहीत. मी हात मांडीवर ठेवून बसले. समोरचं घड्याळ दिसत होतं. दहा मिनिटं गेली. मी मनात म्हणत होते, म्हणा. म्हणा हो.

खाली उमटलं —

शेवट सांग.

ह्यांनी शेवट कधी विचारला नाही. शेवट त्यांचा होता.

आणि ह्यांना अक्षर येत नव्हतं. अंगठा करायचे. हे मी इतके दिवस कसं विसरले? की हेही घेतलं होतं त्याने?

मी बटण बंद केलं. पडदा काळा झाला. काळ्यावर ती ओळ थोडा वेळ राहिली.

३ मे

सरांना सांगितलं, खेळ काढून टाका. कारण विचारलं. मी म्हटलं, पुस्तक माझं आहे, मला नको. त्यांना वाईट वाटलं, पण माझा चेहरा बघून काढून टाकला. माझ्यासमोर काढला. यंत्राला झगा घातला, मागची तारही ओढून ठेवली.

दुपारी झाडताना सवयीने पुटपुटत होते, इथला कचरा राहिलाच.

झग्याखालून — हं.

४ मे

भांडी घासताना. कोणाशी बोलत नव्हते. स्वतःशीच म्हटलं, आज ऊन फार.

हं. टाकीतून.

आता तोंड उघडत नाही. मुलं विचारतात, मी मान हलवते. चपला लावते. आज एक जोड जास्त आहे. जिनातल्या हमालांच्या असतात तसल्या, टायरच्या. उजवी धड आहे. डावीचा तळ घासून गेलेला.

आत सगळी मुलं मोजली. जोड तेवढा जास्तच.

५ मे

चूक झाली. लताबाईंनी जिन्यात बसवलं, हात धरला, म्हणाल्या, अक्का, बठ्ठं सांगी टाका, मोकळं व्हा. कालपासून मी बोलले नव्हते. बांध फुटला. हुंकार, ती दोन पानं, खूण, सगळं सांगितलं. त्या रडत होत्या. विचारलं, पण अक्का, ती खूण तरी कोणती? आणि मी — जवळचं माणूस विचारतंय, या भरात — ते दोन शब्द म्हणून गेले. मोठ्याने.

वरच्या टाकीतून आलं. हं. चांगलं मोठं, पोटभर जेवल्यासारखं.

लताबाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, तुम्हीच म्हणालात ना, अक्का? तुम्हीच ना?

माझा हात सोडून त्या दोन पायऱ्या खाली सरकल्या.

५ मे, नंतर

ते दोन शब्द आता मला येत नाहीत. ७ मार्चच्या पानावर बघावे लागले.

त्याच्याकडे सगळं जमा झालं. माझ्याकडे वही आणि पुस्तक.

गोष्ट अर्धी राहिली तोवर तो ऐकत राहणार. जिथे मोडली तिथे जाऊन पुरी करायची. बोदवडला. शेवट मी म्हणेन. वहीत बघून म्हणेन. मग हुंकाराचं कामच उरणार नाही.

७ मे, बोदवड

काल मी काय केलं तेवढं लिहिते.

सकाळची एस.टी. धरली. जळगावहून रेल्वेने आले. शेजारची जागा रिकामी होती, कोणी बसलं नाही. घराचं कुलूप काढलं. ओटा झाडला. बेबाबाई बाहेर आल्या, काही विचारणार होत्या. त्यांनी माझ्या मागे पाहिलं. डोक्यावरून पदर ओढला आणि आत गेल्या. दाराची कडी लावल्याचं ऐकू आलं.

मी मागे पाहिलं नाही.

चूल पेटवली. पुस्तक उघडलं, पहिल्यापासून वाचलं. मोठ्याने. प्रत्येक वाक्याला मीच हं म्हणत गेले, दुसऱ्या कोणाला जागाच ठेवली नाही. दुपार झाली. नवव्या विहिरीशी आले. अर्धं वाक्य वाचलं. वही उघडी होती, ७ मार्चचं पान. बोट ठेवलं. तोंड उघडलं.

दाराकडून आलं. आला वर.

मग म्हणाला, चाल, भाकर टाक.

आवाज त्यांचा का, ते मला सांगता येत नाही. आवाज मी २९ तारखेला देऊन बसले.

मी उठले. पीठ मळलं. हात भरले तसं कोणीतरी मागून त्यांवर पाणी ओतलं. मे महिना, पण पाणी खोल विहिरीचं असतं तसं गार होतं. तीन भाकरी टाकल्या. दोन दाराशी ठेवल्या. आज सकाळी ताट रिकामं होतं आणि ओलं होतं.

तो दारात बसला आहे. पाठमोरा. अजून तोंड फिरवलेलं नाही. फिरवलं तरी तोंड ओळखायला माझ्याजवळ काही नाही, हे त्याला माहीत आहे.

मी हे न बोलता लिहिते आहे, ओठसुद्धा हलवत नाही. तरी ओळ संपली की हं येतं. ह्यांना अक्षर येत नव्हतं. ह्याला येतं. वहीकडे पाठ करून येतं.

मघाच्या ओळीला हं म्हणताना मान थोडी वळली. त्याच्या आधीच्या ओळीलाही वळली होती. ओळ संपली की वळते, म्हणून ही ओळ मी संपवणारच नाही, अशीच लिहीत राहते, चुलीत पऱ्हाट्या आहेत, तवा तापलेला आहे, पीठ अजून दोन दिवसांचं आहे, शाई आहे, पान थोडं उरलं आहे, बेबाबाईंचं दार बंदच आहे, भुवईत काहीतरी पांढरं दिसतंय, कापूस असेल, कापूसच असेल, आणि